संघात दादाची जागा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी गुजरातेत, भेस्तानला आमच्या घराजवळ एक कॉम्प्युटर क्लास होता. रविवारी तिथले सर तासभर फुटबॉलचा एक गेम खेळू द्यायचे. त्यात बॉलला पाय लावायचा नाही, आपण मॅनेजर. कोण गोल अडवेल, कोण पुढे धावेल ते ठरवायचं. नवे खेळाडूही बनवता यायचे. वेग, दम, मेहनत, समज, अशा प्रत्येक गुणाला वीसपैकी आकडा द्यायचा.

मी अख्खी गल्लीच संघात भरली. एका रविवारी कारखाना बंद होता म्हणून दादाला, माझ्या मोठ्या भावाला, मुद्दाम दाखवायला नेलं. दहावीनंतर तो पॉवरलूमवर लागला होता आणि मी कॉलेजात. खरं तर अभ्यासात तोच सरस. पण वडिलांना दोघांचं शिक्षण झेपेना, एकाने कामाला लागायचं ठरलं, तेव्हा तो स्वतःच उठला. मला अपूर्णांक त्यानेच शिकवले, डोक्यात टपल्या मारून.

आमच्या खानदेशी वस्तीत माणसाची तारीफ एकाच मापाने व्हायची: बारा तास उभं राहून एकटा किती संचे, म्हणजे माग, सांभाळतो. दादा आठ सांभाळायचा. मला शहाण्याला वाटलं, हेच त्याचं भूषण. म्हणून त्याला बचावात उभा केला. दम वीस, मेहनत वीस. सगळेच आकडे मोठे दिले तर खोटं वाटेल, म्हणून समज चार. स्वतःला मात्र मधल्या फळीत घेतलं, जिथून डाव रचतात तिथे. समज अठरा.

दादा खुर्चीमागे उभा राहून वाचत होता. त्याला इंग्रजी वाचता येतं, हे मी विसरलोच होतो.

"मना डोकाले चारच का रे?"

शेजारी कॉलेजची गुजराती पोरं बसली होती. मी हसत म्हणालो, "अरे, गेम है, दादा."

आकडा तिथल्या तिथे बदलता आला असता. हात की-बोर्डवरच होता. पण त्या पोरांसमोर मला दादाच्या अहिराणीची लाज वाटली. आजही हे लिहिताना स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

पुढच्या रविवारी मी त्याला गोल मारणाऱ्यांत नेला, सगळे गुण वीस केले. घरी येऊन बघायला चल म्हणालो, तर कूस बदलून झोपला.

तोवर घरातला प्रत्येक कागद त्याच्या हाताखालून जायचा. रेशनचा अर्ज असो की लाईटबिलाची तक्रार, वाचणार दादा, लिहिणार दादा. महिन्याभराने गावाहून जमिनीचा कसलासा कागद आला. आईने सवयीने त्याच्यापुढे धरला. त्याने तो न उघडताच माझ्याकडे सरकवला.

"तूच वाच भो. माले काय समजस?"

रागाने म्हणाला असता तर मी पाय धरले असते. पण आवाजात राग नव्हता. त्याला ते पटलं होतं.