साडूंच्या पुतणीचे शनिवार

माझ्या साडूंच्या पुतणीने आतून पाहिलं नाही असं स्वयंपाकघर मेलबर्नच्या आमच्या बाजूला शोधून सापडायचं नाही. मी या शहरात वीसेक वर्षं राहतोय, कर भरतोय, न वाढलेलं गवत दर आठवड्याला कापतोय, पण डावीकडच्या शेजाऱ्याची बैठकीची खोली कशी आहे हे मला आजतागायत माहीत नाही. त्याच्या कचऱ्याच्या डब्यांशी माझी त्याच्यापेक्षा जास्त ओळख आहे. ही पोरगी जेमतेम एका वर्षासाठी आली आणि कुणाच्या बाथरूममध्ये ओल आहे, कुणाच्या कपाटाचं दार नीट लागत नाही, कुणी ओव्हन घेतल्यापासून धुतलेला नाही, हे सगळं तोंडपाठ करून गेली. गंमत अशी की एक घर सोडलं तर यातल्या कुठल्याच घरात तिला कुणी बोलावलेलं नव्हतं.

ती मूळची कऱ्हाडची. पुण्याच्या कॉलेजातून एक्सचेंजवर क्लेटनच्या युनिव्हर्सिटीत आली. येण्याआधी साडूंचा फोन आला होता, "तुमच्याकडे राहायला ती तयार नाही, भिडस्त आहे. पण लक्ष असू द्या." भिडस्त हा शब्द साडूंनी कुठल्या अर्थाने वापरला ते मला अजून कळलेलं नाही. विमानतळावर तिने पाठीवरच्या सॅकसकट वाकून मला नमस्कार केला. सॅकच्या वजनाने ती पुढे कलंडली, तेव्हा मी तिला सावरलं आणि सॅकने मला पाडलं. गाडीत बसल्या बसल्या तिने जाहीर केलं, "काका, तुमच्याकडे मी रविवारी जेवायला येत जाईन. पण ते धरायचं नाही."

"कशात धरायचं नाही?"

"अहो, तुमच्याकडे पोहेच मिळणार की. पोह्यांसाठी समुद्र ओलांडला व्हय मी? इथल्या माणसानं घरी बोलवायला पाहिजे. एकदा तरी. नुसता चहा चालेल. वर्षभर परदेशात होतीस तर कुणाकडे गेलीस, असं आई विचारणार. तिला काय सांगू, हॉस्टेलवर होते म्हणून?"

मी अनुभवी माणसाच्या थाटात हसलो आणि म्हणालो, "होईल गं." वीस वर्षांत माझं झालेलं नव्हतं, ही बाब मी त्या क्षणी मोठ्या मनाने बाजूला ठेवली.

सुरुवातीला तिच्या आशा उंच होत्या. वर्गातली मुलं फार गोड होती. ग्रुप असाइनमेंट संपली की एकजण हमखास म्हणायचा, "यू शुड कम ओव्हर सम टाइम!" ही लगेच फोन काढून विचारायची, "शनिवारी की रविवारी?" तो मुलगा बिचारा पांढऱ्याचा गुलाबी व्हायचा. एकीने "कॅचअप करू या" म्हटलं म्हणून हिने नारळाच्या वड्या थापल्या. आठवडाभर वाट पाहिली आणि शेवटी त्या वड्या आमच्याकडे घेऊन आली. आम्ही खाल्ल्या. उत्तम झाल्या होत्या, पण त्या खाताना माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही तिच्याकडे पाहिलं नाही. इथे आल्यावर पहिल्या वर्षी बायकोनेही अशाच कुणासाठी तरी करंज्या केल्या होत्या.

हॉस्टेलची तिची खोली म्हणजे पलंगाला भिंती लावल्या होत्या, इतकंच. खिडकीतून पार्किंग दिसायचं. सामायिक स्वयंपाकघरात प्रत्येकाच्या दुधावर प्रत्येकाचं नाव, आणि प्रत्येकाच्या कानात प्रत्येकाची गाणी. एकदा मी सहज विचारलं, "कंटाळा येतो का गं?" तर हसत म्हणाली, "कंटाळा नाही ओ. शुक्रवारी लेक्चर संपलं की सोमवारपर्यंत तोंड उघडायला कारण नसतं एवढंच. सुपरमार्केटातलं बिलाचं मशीन तेवढं बोलतं माझ्याशी. तेही काय म्हणतं, तर पिशवीत अनोळखी वस्तू आहे. म्हटलं, बाबा, मलाच म्हणतोयस ना?" तिच्याबरोबर मीही हसलो. घरी आल्यावर मात्र ते वाक्य बराच वेळ डोक्यात फिरत राहिलं.

आणि मग तिला शनिवारचा शोध लागला. इथे घर विकायचं असलं की शनिवारी दुपारी अर्धा तास दार उघडं ठेवतात. बाहेर झेंडा लावतात, दारात कोट घातलेला एजंट उभा असतो, आणि कुणीही आत जाऊन घर पाहू शकतं. ही गोष्ट मी वीस वर्षं पाहत होतो. पण जगात एक तरी दार आपल्यासाठी उघडं आहे आणि दारातला माणूस हसून "वेलकम" म्हणतोय, अशा दृष्टीने त्याकडे पाहायला साडूंची पुतणीच लागली. बसने फार घरं होत नाहीत म्हणून तिने मला ड्रायव्हर नेमलं. बायकोची शनिवारी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिफ्ट असते. मुलगा ब्रिस्बेनला शिकतो. त्याला फोन केला की "डॅड, कॅन आय कॉल यू दिस आर्व्हो?" म्हणतो. आर्व्हो म्हणजे इथली दुपार, आणि ती काही उगवत नाही. तेव्हा माझ्याकडे गाडीही होती आणि शनिवारही होता.

घर बघायला जायची तिची रीत ठरलेली होती. पहिलं म्हणजे रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जायचं नाही. एजंटच्या हातात ती चिवड्याची पुडी ठेवायची. तो आधी पुडीकडे आणि मग कायदेशीर सल्ला मिळेल या आशेने माझ्याकडे बघायचा. दुसरं म्हणजे दाराशी बूट काढायचे. जुलैच्या थंडीत फरशी बर्फासारखी असली तरी हिचे बूट पायपुसण्यावर जोडीने ठेवलेले. बाकी सगळे खुशाल बुटांनी गालिचे तुडवत असायचे. मी नाइलाजाने माझेही काढायचो आणि दर वेळी नेमका त्याच दिवशी माझा मोजा फाटलेला असायचा. तिसरं म्हणजे घराची मनापासून चौकशी करायची. ओट्यापाशी उभी राहून ती म्हणायची, "इथं कुकर ठेवला तर शिट्टी थेट धुराच्या अलार्मवर. रोज बंब येणार." एका तरुण जोडप्याचं माळ्यावरून भांडण चाललं होतं. हिने दोघांना खिडकीपाशी नेलं, सकाळचं ऊन कुठून येईल ते दाखवलं आणि "घेऊन टाका" म्हणून सांगितलं. एका एजंटला तर तिने आईची तब्येत विचारली. तो गडी दुसऱ्या बाथरूमचं वर्णन अर्धवट सोडून आईच्या गुडघ्याबद्दल बोलत बसला आणि घर दहा मिनिटं जास्त उघडं राहिलं. आणि शेवटचं म्हणजे निघताना उंबऱ्यात वळून रिकाम्या घराला "येते हं" म्हणायचं. "जाते" म्हणायचं नसतं. हे ती इतक्या हळू म्हणायची की मला ऐकू येऊ नये. मला ऐकू यायचं.

सप्टेंबरात इथला वसंत ऋतू आला. घरांचा हंगाम जोरात आणि तिचं वर्ष संपत आलेलं. नोव्हेंबरअखेरचं तिकीट निघालं होतं. आमंत्रणाच्या खात्यावर अजून भोपळा होता. ती आता त्याबद्दल बोलत नसे, पण चिवड्याच्या पुड्या लहान झाल्या होत्या.

अशातच एका शनिवारी आम्ही विटांच्या एका जुन्या घरात गेलो. मागच्या अंगणात लिंबाचं झाड होतं, आणि खाली लिंबांचा नुसता सडा. कितीतरी सडून गेली होती. ते पाहून पुतणीचा जीव खालीवर व्हायला लागला. एजंट म्हणाला, "नो वरीज, हवी तेवढी घ्या." ही म्हणाली, "झाड तुमचं आहे का? मग तुम्ही कोण देणार?" त्याने वैतागून समोरच्या रस्त्याकडे बोट दाखवलं. पलीकडे एका लहानशा गाडीत एक म्हातारी बाई एकटीच बसली होती. घर दाखवताना मालकाने आत थांबायचं नसतं. म्हणून ती दर शनिवारी तिथे बसून, कोण कोण आपल्या घरात शिरतंय ते पाहत असे.

पुतणीने बूट घातले, रस्ता ओलांडला आणि काचेवर टकटक केलं. मी बूट न घालताच मागोमाग धावलो. बाईंनी काच खाली केली, हिच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बूट काढणारी तूच ना?"

"हो. लिंबं वाया चाललीत तुमची. थोडी नेऊ?"

"घर घ्यायचंय तुला?"

"नाही," पुतणी म्हणाली. "घर बघायला आले होते. वर्ष होत आलं, कुणाचं घर आतून बघितलं नव्हतं. म्हणजे, बोलावल्यावर."

मला वाटलं, आता बाई पोलीस बोलावणार. त्यांनी आपल्या उघड्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मंगळवारी ये. दुपारी, चहाला. या फाटक्या मोज्याच्या गृहस्थांनाही आण."

गाडीत बसल्यावर पुतणीने पट्टा लावला. दोन सिग्नल गेले. मग समोर बघतच म्हणाली, "काका, बोलावलं."

मंगळवारी ती अशी तयार झाली होती की तिच्यासाठी स्थळ यायचं आहे असं वाटावं. आईने सोबत दिलेल्या स्टीलच्या डब्यात ताजा चिवडा भरलेला. मी नवे मोजे विकत घेतले होते. बाई चहा करायला उठल्या तर ही म्हणाली, "बसा आजी, मी कप काढते," आणि सरळ जाऊन खिडकीच्या डावीकडचं वरचं कपाट उघडलं. कप तिथेच होते. चमचे दुसऱ्या खणात, तेही तिने न विचारता काढले. आजी थक्क होऊन माझ्याकडे पाहायला लागल्या. मी चहात तोंड बुडवलं. इतका पाणचट आणि कोमट चहा मी जन्मात प्यायलो नव्हतो. पुतणी दोन कप प्यायली आणि म्हणाली, "असा चहा मी कधीच प्यायले नाही." खोटं नव्हतंच ते.

आजींचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले होते. मुलगी पर्थला. घर विकून त्या वृद्धाश्रमात राहायला जाणार होत्या. त्यांनी हे सगळं हवामान सांगावं तसं सांगितलं. निघताना डबा धुऊन पुतणीच्या हातात दिला तर तिने तो घेतला नाही. "आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत." आजींनी विचारलं, "मग काय घालायचं?" "काहीही. साखरेचा दाणा पण चालतो." आजी मागच्या दाराने अंगणात गेल्या आणि डबाभर लिंबं घेऊन आल्या. पुतणी उंबऱ्यात वळून "येते हं" म्हणाली, या वेळी खणखणीत आवाजात, आणि आतून उत्तर आलं.

त्यानंतर तो डबा दर मंगळवारी इकडून तिकडे जात राहिला. लाडू गेले, लिंबं आली. धपाटे गेले, पुन्हा लिंबं आली. त्या लिंबांचं पुतणीने आमच्या ओट्यावर लोणचं घातलं. बरणीला फडकं बांधलं आणि मला बजावलं, "इथल्या लिंबांची सालं जाड आहेत, मुरायला वेळ लागेल. रोज उन्हात ठेवायची, संध्याकाळी आत घ्यायची. मुरलं की आजींना नेऊन द्यायचं." घराचा लिलाव झाला त्या शनिवारी आजी आणि ती फुटपाथवर शेजारी शेजारी उभ्या होत्या. हातोडा पडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजींनी वाजवल्या नाहीत, पुतणीनेही नाहीत.

विमानतळावर तिने पुन्हा सॅकसकट नमस्कार केला. या वेळी मी लांब उभा राहिलो. "येते काका," म्हणाली आणि वळून न बघता आत गेली. घरी आल्यावर लक्षात आलं की डबा आजींकडेच राहिलाय. ती पोचली तेव्हा फोनवर म्हटलं, "अगं, तुझा डबा विसरलीस."

"विसरले नाही ओ," ती म्हणाली. "ठेवलाय."

मी काही त्याचा फार विचार केला नाही. शनिवारी पुन्हा गवत कापायला लागलो. पण बरणी रोज उन्हात न्यावी लागायची आणि रोज आत आणावी लागायची. इथल्या भर उन्हाळ्यात, जानेवारीत, एक दिवस साल बोटाने दाबून पाहिली तर मऊ लागली. आता जाणं भाग होतं. एकट्याने कुणाकडे जायची मला सवयच नव्हती, म्हणून वृद्धाश्रमाच्या पार्किंगमध्ये मी गाडीत बसूनच राहिलो. आजी त्यांच्या घरासमोर बसायच्या तसाच.

आजींची खोली पुतणीच्या हॉस्टेलच्या खोलीएवढीच निघाली. खिडकीतून पार्किंग दिसत होतं. मी दाराशी बूट काढले. त्यांनी पायांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मोजे चांगले आहेत. गाडीत इतका वेळ काय करत होतात?" लोणच्याची फोड तोंडात टाकून त्यांनी डोळे मिटून घेतले. मग उठून कपाटातून पुतणीचा स्टीलचा डबा काढला आणि माझ्या हातात दिला. जड लागला. आत चहाच्या ट्रॉलीवरची बिस्किटं, कागदात गुंडाळलेली, आणि साखरेच्या चिमुकल्या पुड्या. रोजच्या चहातून एकेक करून जमवलेल्या दिसत होत्या.

"मला वाटलं होतं, कुणी तरी लवकर न्यायला येईल," त्या म्हणाल्या. "काही बिस्किटं आता मऊ पडली असतील."

ती बिस्किटं आम्ही दोघांनी चहात बुडवून खाल्ली. साखर बायकोने शिऱ्यात घातली. डबा धुऊन ओट्यावर उपडा ठेवलाय, मंगळवारी आजींकडे भरून न्यायचाय. आज गुरुवार आहे, आणि मला अजून चिवडा धड जमत नाही, पोहे करपतात. मघाशी कऱ्हाडला फोन करून विचारलं तर पलीकडून पुतणी म्हणाली, "गॅस बारीक ठेवा की, काका. घाई कसली आहे तुम्हाला?"