डावा गुडघा

बाईंना गावं आठवत नसत. दुकान तेवढं आठवे, कारण दुकान एकच होतं. चपला-बुटांच्या त्या कंपनीनं जिथे जिथे फ्रँचायझी दिली, तिथे जागा मालकाची आणि बाकी सगळं कंपनीचं: तोच पिवळसर उजेड, तेच लांब बाक, तोच कोऱ्या चामड्याचा वास. भाड्याच्या खोलीत झोपून उठावं, रस्ता ओलांडून दार ढकलावं, की बाई पुन्हा त्याच दुकानात. बाहेरचं गाव तेवढं रातोरात कुणीतरी बदलून ठेवतं, असं त्यांना अर्धवट झोपेत खरंच वाटायचं.

नव्या पोरापोरींना गिऱ्हाईक सांभाळायला शिकवणं, हे त्यांचं काम. गिऱ्हाइकानं माप सांगितलं तरी पाय मोजायचा, आणि दोन्ही मोजायचे. त्यासाठी खाली बसायचं, आणि बसताना तोंड वाकडं करायचं नाही. जिन्यावरून पडल्यापासून बाईंचा स्वतःचा डावा गुडघा कुरकुरत असे, पण बसणं काही सुटलं नाही. मुलगी चेष्टेनं म्हणायची, "आई, अख्खा जन्म लोकांच्या पायाशी गेला तुझा." बाई ते हसण्यावारी नेत. लागायचं मात्र.

आता कंपनीनं नवं खूळ काढलं होतं, प्रशिक्षणाची फिल्म. तीत काम करणारी मुलगी बाईंच्याच हाताखाली तयार झालेली, पण बाईंना कुणी साधं विचारलंही नाही. मोठ्या साहेबांनी गोड शब्दांत सांगितलं, की काही दुकानांना नुसती फिल्मच पाठवली आहे. तिथला धंदा बाईंनी शिकवलेल्या दुकानांइतका झाला, तर त्यांची फिरती बंद. बाईंनी रागानं ती फिल्म पाहिलीसुद्धा नाही.

रजा टाकून त्या अशाच एका दुकानात गेल्या, गिऱ्हाईक बनून. खोटं कशाला सांगा, पोरं माश्या मारत बसलेली दिसावीत, हीच त्यांच्या मनातली इच्छा होती.

दुकान गजबजलेलं होतं. बाई बाकावर टेकल्या. काचेतून आलेलं दुपारचं ऊन पावलांवर पडलं होतं आणि आवाज दुरून यावेत तसे येत होते. एक मुलगी समोर येऊन खाली बसली. बाईंनी माप सांगितलं. तिनं मान डोलावली, तरीही पाय मोजला, मग दुसराही मोजला. अंगठ्याशी दाबून पाहिलं. कुठे बोट ठेवायला जागा नाही. आपली फिरती संपली, हे बाईंना तिथेच कळून चुकलं.

मग जोड आणायला ती उठली. डाव्या गुडघ्यावर तळहात टेकवून क्षणभर थांबली आणि सावकाश उभी राहिली. पलीकडे दुसरी उठली, तीही तशीच. टोकाचा उंच पोरगाही तसाच. सगळं धडधाकट दुकान डावा गुडघा धरून त्या पिवळ्या उजेडात हळूहळू उठत होतं.

मुलगी परतल्यावर बाईंनी विचारलं, "गुडघा दुखतो का गं?"

"नाही हो. उठायचं तसंच असतं, फिल्ममध्ये दाखवलंय. झटकन उठलं की गिऱ्हाइकाला वाटतं, ही कंटाळली."

हे तर बाईंनी कधीच कुणाला शिकवलं नव्हतं. त्यांना हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. फिरती जाणार याचं दुःख होतंच, ते काही कमी झालं नाही. पण ज्या गुडघ्याला त्यांनी इतकी वर्षं शिव्या घातल्या, तो त्यांच्या आधीच इथे येऊन कामाला लागला होता. घरी जाऊन लेकीला हे कधी एकदा सांगते, असं त्यांना झालं.

जोड घेऊन, डाव्या गुडघ्यावर हात टेकून त्या सावकाश उठल्या. मुलगी बघतच राहिली.

"तुम्ही आमच्यातल्याच का? कुठल्या दुकानात होतात?"

बाईंनी बाकावरून, दिव्यांवरून एकदा नजर फिरवली.

"ह्याच दुकानात," त्या म्हणाल्या.