बाल्कनीतला वन्समोर

माझे काका शिंपी होते, पण गावात त्यांना सगळे 'वन्समोर' म्हणूनच ओळखत. संगीत नाटकांचे ते बहराचे दिवस. गाणं आवडलं की प्रेक्षक 'वन्समोर' ओरडत आणि नटाला ते पुन्हा गावं लागे. आमच्या नाट्यगृहात ही आरोळी आधी काका ठोकत, मग बाकीचे. कंपनीचे सगळे पोशाख तेच शिवत, म्हणून बाल्कनीतली पहिली खुर्ची त्यांना फुकट. आरोळी मात्र ते फुकट देत नसत. गाण्यात एक टाका जरी सैल लागला, तरी गप्प बसत. त्यामुळे लोकांना सवयच लागली होती: गाणं संपलं की आधी वर बघायचं.

आणि त्याच कंपनीत ताईला, म्हणजे काकांच्या मुलीला, काम मिळालं. नायिकेची मैत्रीण, वाट्याला एकच पद. मालकांनी बजावलं, "पदाला वन्समोर आला तर ठेवून घेतो. नाहीतर तुझी काजं-बटणं बरी."

झालं, घरात महाभारत!

"पोटची पोर आहे. एकदा ओरडलात तर काही जीभ झडणार नाही," काकू म्हणाली.

"चांगली गायली तर ओरडेन की."

"आणि नाही गायली तर?"

काका सुईत दोरा ओवत बसले.

"बाबा, खोटा नको हं," ताई म्हणाली.

प्रयोगाला मी बाल्कनीत काका-काकूंच्या मधे बसले होते. ताई वाईट नाही गायली. पण भीतीने आवाज मोकळा लागला नाही, आणि वरच्या सुरापर्यंत ती कशीबशी पोचली. पद संपलं. अख्ख्या थिएटरने माना वर केल्या. काका गळ्यातली टेप दोन्ही हातांनी घट्ट धरून बसून राहिले. मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू! खाली पेटीवाला पुढच्या प्रवेशाच्या तयारीला लागलासुद्धा.

तेवढ्यात काकू उठली. दुकानात गिऱ्हाइकाशीही दबकत बोलणारी बाई ती, पण "वन्समोर!" अशी काही किंचाळली की थिएटरभर हशा पिकला. हसत हसत लोकांनीही तिची री ओढली.

ताईने वर पाहिलं. आई उभी, बाबा बसलेले. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला, तेव्हाच मी ओळखलं, आता ही कुणाला ऐकणार नाही. तिने पेटीवाल्याला खूण केली आणि रागारागातच पद उचललं. भीती कुठच्या कुठे पळाली. वरचा सूर तिने लावला, त्यावर ऐटीत थांबली आणि सावकाश खाली उतरली, तेही बापाच्या डोळ्याला डोळा भिडवून.

पद पुरतं संपायच्या आत काका उभे राहिले. "वन्समोर!" आवाज फाटला, डोळ्यांतून घळाघळा पाणी. मग मात्र लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं.

ताई पुढे त्याच कंपनीची नायिका झाली. परवा तिला विचारलं, "तेव्हा काकांचा राग आला होता का गं?"

"आला होता ना! म्हणून तर गायले," ती हसली. "पण पहिल्यांदाच ओरडले असते ना, तर मला जन्मभर वाटत राहिलं असतं, मुलगी म्हणून ओरडले."

आतून म्हाताऱ्या काकूचा आवाज आला, "आणि मी मुलगी म्हणून ओरडले नसते, तर दुसऱ्यांदा गायला कुठे मिळणार होतं तुला?"