तेराव्या सेक्टरचा खेळ

चंडीगडमध्ये तेरा नंबरचा सेक्टर नव्हता. बारा संपला की एकदम चौदा. तेरा आकडा अशुभ म्हणून शहर आखतानाच गाळला, असं तिथले लोक सांगायचे. बाराव्या वर्षी मला हे कळलं तेव्हा मी आईला विचारलं होतं, की मग तिथली माणसं कुठे राहतात. आई म्हणाली, "सेक्टरच नाही तर माणसं कुठली, खुळे?" माझं काही समाधान झालं नाही. मला तेव्हाही कुणी सोपी उत्तरं दिली की राग यायचा, आताही येतो.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात, तीन वर्षांच्या बदलीवर चंडीगडला आलेले. सरकारी क्वार्टर, तळमजला. वरच्या मजल्यावर एक सरदारजी कुटुंब राहायचं. अंकल एका कॉलेजात लॅब असिस्टंट, आंटी घरी, विशीतला एक मुलगा आणि माझ्याच वर्गातली एक मुलगी. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तो हक्क मी त्याच वर्षी गमावला.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं, पंजाबात अतिरेक्यांचे दिवस. चौकाचौकात वाळूची पोती रचलेली असायची, नाक्यावर स्कूटरची डिकी उघडून दाखवावी लागायची, आणि महिन्यातून दोन-तीनदा तरी बंद असायचा. शाळा बंद, बाजार बंद, समोरच्या मैदानात जायलाही बंदी. आम्ही मुलं घरात कोंबड्यांसारखी कोंडलेली. त्या कंटाळ्यातून माझ्या भावानं तो खेळ बनवला.

भाऊ सोळा वर्षांचा. बाबांच्या ऑफिसातले एक जण परदेशी जाताना त्यांचा घरगुती कॉम्प्युटर आमच्याकडे ठेवून गेले होते. तो टीव्हीला जोडायचा, आणि प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून त्यात उतरवायचा. त्या वेळी असा काही किंचाळल्यासारखा आवाज व्हायचा, की आई दोन्ही कानांत बोटं घालून स्वयंपाकघरात पळायची. भावानं चार चार्टपेपर जोडून जमिनीवर अख्खं चंडीगड काढलं. शहरच चौकोनाचौकोनाचं असल्यानं पट आयता तयार होता. सोंगट्या म्हणून बटणं. पण खेळ चालवायचा कॉम्प्युटर. तुम्ही कुठल्या सेक्टरात जाताय ते टाइप करायचं, की तिथं काय भेटतं ते तो सांगायचा. फासाही तोच टाकायचा. भाऊ म्हणायचा, "मशीन आहे, इथं रडीचा डाव चालायचा नाही." हे तो माझ्याकडे बघून म्हणायचा, आणि बरोबरच होतं.

खजिना असायचा कुठेतरी, दर वेळी वेगळ्या ठिकाणी. आणि हरलात तर तुम्ही जायचात तेरा नंबरमध्ये. पटावर तो चौकोनच नव्हता. तुमचं बटण उचलून पटाबाहेर गार फरशीवर ठेवायचं. तुमची पाळी आली की पडद्यावर दोनच शब्द यायचे. मशीनला देवनागरी येत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी: वाट पाहा.

"ये वाट पाहा क्या होता है?" वरच्या मैत्रिणीनं पहिल्या दिवशी विचारलं.

"इंतज़ार करो," भाऊ म्हणाला.

"कब तक?"

यावर भावानं नियम सांगितला, आणि तो नियम त्याच्या डोक्यात कुठून आला देव जाणे. तेरामधून स्वतःहून बाहेर येता येत नाही. दुसऱ्या कुणीतरी आपली पाळी सोडून तुमचं नाव टाइप करायचं, तुम्हाला मागून घ्यायचं. मग मशीन फासा टाकणार. सहातून पाच वेळा तुम्ही सुटणार. एक वेळा मागणाराही आत जाणार.

ती मला दर वेळी मागून घ्यायची. विचारसुद्धा करायची नाही, पाळी आली की माझं नाव टाइप. दोनदा त्यापायी स्वतः आत गेली आणि हसत बसली. मी मात्र हिशेबी. खजिना जवळ असला की मी तिला खुशाल फरशीवर ठेवायची आणि म्हणायची, "बस, अगली बारी पक्का."

फेब्रुवारीच्या सुमाराला एका संध्याकाळी तिचा भाऊ घरी आला नाही. चौतीस सेक्टरला टायपिंगच्या क्लासला गेला तो गेलाच. कुणी म्हणे नाक्यावर पोलिसांनी उतरवून नेलं, कुणी म्हणे साध्या कपड्यातली माणसं होती, कुणी दबल्या आवाजात म्हणे की स्वतःच अतिरेक्यांना जाऊन मिळाला असेल, आजकालच्या पोरांचा काय भरवसा. अंकल दोन दिवस या ठाण्यातून त्या ठाण्यात हिंडले. प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच, इथे नाही.

दुसऱ्या दिवशी जिन्यात आंटींनी आईचा हात धरला. जवळच चंडीमंदिरच्या छावणीत एक मोठे मराठी लष्करी अधिकारी होते. चंडीगड आणि आसपासची आम्ही मराठी मंडळी गणपतीला जमायचो तेव्हा ते सपत्नीक यायचे, आणि त्या वर्षी तर आमच्या घरी जेवून, आईच्या पुरणपोळीचं तोंड भरून कौतुक करून गेले होते. आंटींनी त्यांची जीप आमच्या दारात पाहिली होती. भाईसाहेबांनी, म्हणजे बाबांनी, त्यांना फक्त एक फोन करावा, एवढंच मागणं. सोडवा म्हणत नाही, कुठे आहे तेवढं कळू दे.

आईनं बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "बघू."

"बघू काय? तरणं पोर हाय वो ते. करा की एक फोन."

"आपण बदलीवरची माणसं," बाबा म्हणाले. "उद्या चौकशी झाली तर माझं नाव कागदावर यायचं. हे असले प्रकार आपले नव्हेत."

बदलीवरची माणसं. हे वाक्य आमच्या घरात देवघरातल्या घंटेसारखं रोज वाजायचं. पडदे महागाचे नकोत, आपण बदलीवर. कुणात फार गुंतायला नको, आपण बदलीवर. आम्ही कुठल्याच गावात पुरते राहिलो नाही, आणि यालाच आम्ही शहाणपण समजत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी आंटींनी मैत्रिणीला खाली पाठवलं, नीचे जाकर खेल म्हणून. वर माणसं जमली होती, तिनं रडारड ऐकू नये असा हेतू असणार. तिला सांगितलं होतं की वीरजी, म्हणजे भाऊ, नानीकडे गेलेत. तिनं ते ऐकून घेतलं होतं, एवढंच. बंदमुळे बाबा त्या दिवशी घरी होते. त्यांनीच तिला दार उघडलं, मूठभर शेंगदाणे तिच्या हातावर ठेवले, आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. भावानं कॅसेट लावली. आम्ही खेळायला लागलो. तिसऱ्याच फेरीत ती तेरामध्ये गेली, आणि मी खजिन्यापासून दोन घरं दूर होते.

जिन्यावर पावलं वाजली. अंकलच्या पायाला एक ठेका होता, ते उजवा पाय जरा ओढत चालायचे. बाबांनी आतून मला खूण करून बोलावलं आणि कानाशी म्हणाले, "अंकल असतील. मी टूरवर गेलोय म्हणून सांग."

त्यांनी आईला का नाही सांगितलं? आई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती, हे खरं. पण आईनं ते सांगितलंही नसतं, हे बाबांना ठाऊक होतं.

मी दार उघडलं. अंकलनी दाढी विंचरलेली नव्हती. पगडी मात्र नेहमीसारखी नीट.

"पुत्तर, पापा हैं घर?"

"नहीं अंकल, टूर पे गए हैं."

"कब आएँगे?"

हे मला कुणी पढवलं नव्हतं. मी क्षणभरही न थांबता म्हणाले, "शनिवार को. अंबाला गए हैं, फिर वहाँ से करनाल."

"अच्छा जी," अंकल म्हणाले. बारा वर्षांच्या मुलीला ते अच्छा जी म्हणाले. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि जिना चढून गेले.

मी वळले. टीव्हीपासून दार सहा पावलांवर होतं. ती पटासमोर मांडी घालून बसली होती, हातात अजून बाबांनी दिलेले शेंगदाणे. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "तेरी बारी," ती म्हणाली.

मी खजिन्याकडे गेले नाही. मी तिचं नाव टाइप केलं. मशीननं फासा टाकला आणि ती सुटली. पडद्यावर तसं आलं. तिनं ते वाचलं, शेंगदाणे एकेक करून चार्टपेपरच्या कडेला ठेवले आणि उठून वर गेली. त्यानंतर ती माझ्याशी कधीही बोलली नाही.

आणि मग आमच्या घरात जे सुरू झालं ते मी अजून विसरू शकत नाही. बाबा टूरवर होते ना! मंगळवारची गोष्ट. शनिवारपर्यंत त्यांना घरात दिसून चालणार नव्हतं. त्यांनी ऑफिसात रजा कळवली आणि आतल्या खोलीत राहिले. खिडकी बंद. रेडिओ बंद. खोकला आला की तोंडात टॉवेल कोंबायचे. आई ताट आत नेऊन ठेवायची आणि एक शब्द न बोलता परत यायची. आम्ही तिघं बोलताना त्यांचं नाव टाळायला लागलो, जणू ते खरंच गेलेत. आपल्याच घरात जिवंत माणसाचं भूत झालेलं मी तेव्हा पाहिलं. दुपारी सगळं सामसूम झालं की वरून अंकलच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या. एक पाऊल, मग ओढलेलं पाऊल. खाली बाबा कॉटवर बसून छताकडे बघत असायचे. दोघांच्या मध्ये फक्त एक स्लॅब होती. बाबांचा खोकला वर ऐकू जात नसेल, असं मला एकदाही वाटलं नाही.

गुरुवारी भावानं, निव्वळ काहीतरी करायचं म्हणून, साठवून ठेवलेला डाव पुन्हा लावला. किंचाळणं संपलं, पट आला, आणि मशीननं तिचं नाव लिहून विचारलं, कुठे जायचं? पाळी तिची होती. भाऊ म्हणाला, "तिच्यातर्फे मी टाकतो काहीतरी."

"हात लावू नकोस!" मी इतक्या जोरात ओरडले, की आतल्या खोलीत कॉट करकरली. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. ते नाव पडद्यावर लुकलुकत राहिलं, शेवटी भावानं वायर उपटली.

शनिवारी पहाटे बाबा बॅग घेऊन बाहेर पडले आणि दुपारी परत आले, अंबाल्याहून आल्यासारखे. चेहरा असा काही थकलेला, की खोटा वाटला नसता. पण ते नाटक बघायला कुणी नव्हतं, वरच्या मजल्याला आदल्या दिवसापासूनच कुलूप होतं. शुक्रवारी आम्ही शाळेत असताना ट्रक आला होता. पिंजौरला आंटींचे भाऊ कारखान्यात होते, तिकडे गेले म्हणे. आईला आंटी भेटून गेल्या होत्या. काय बोलल्या ते आईनं कधी सांगितलं नाही.

त्यांचा मुलगा परत आला का, हे आम्हाला कळलं नाही. आमची बदली झाली. तेवढं एक आमच्या हातात नेहमीच असायचं. जायच्या आधी एकदा काल्क्याच्या बसनं पिंजौरवरून गेलो, तेव्हा बस बाजारात थांबली. मी खिडकीतून प्रत्येक पगडीखालचा चेहरा पाहिला, आणि मनात सारखं येत होतं, आत्ता दिसला तर मी सुटेन. माझी सुटका हवी होती मला, त्याची नव्हे. आपल्याविषयी हे कळणं फार वाईट असतं.

गेल्या दिवाळीत माझी भाची तिच्या मैत्रिणींना घेऊन आमच्याकडे आली होती. टेबलावर पट मांडला, मध्ये मोबाईल ठेवला. हल्ली असल्या खेळांना ॲप असतं. तेच गोष्ट सांगतं, दारं उघडतं, राक्षस सोडतं. फोनमधली बाई गंभीर आवाजात म्हणाली की दारावर कुणीतरी आलं आहे, तुम्ही काय कराल? पोरी खिदळत वाद घालत होत्या. बाबा कोपऱ्यात खुर्चीवर होते. ऐंशीला टेकलेत, ऐकू कमी येतं. मला वाटलं झोपलेत.

"तुला ते सरदारजी आठवतात?" ते म्हणाले.

पस्तीस वर्षांत आम्ही हा विषय काढला नव्हता. मी नुसती मान हलवली.

"मी उठून उभा होतो गं, दाराआड," बाबा म्हणाले. "शर्टसुद्धा घातला होता. मला वाटलं, तुझ्याच्यानं खोटं बोलवणार नाही. तू चाचरशील, त्यांना कळेल, मग मला बाहेर यावंच लागेल. आलोच असतो मी. केला असता फोन."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारा वर्षांची होते मी. मी ते म्हणालेही, पोरींसमोर, मोठ्यानं. "मी बारा वर्षांची होते, बाबा. तुम्ही चव्वेचाळीस."

"हो," बाबा म्हणाले. "खरं आहे." मग माझ्याकडे न बघता, "पण तू करनालसुद्धा सांगितलंस. मला सुचलं नसतं. इतकं चोख बोललीस, की मग माझा पाय उचलेना."

 त्यांच्या वाट्याचं त्यांच्याकडे आहे, आणि ते मी कधी कमी होऊ देणार नाही. पण मी एकदा जरी अडखळले असते, तरी त्या मुलाच्या नावानं एक फोन गेला असता. मी अडखळले नाही.