सरकलेलं टोक

आमच्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ काका हातमोजे घालत नसत. "मोज्यात काच कळत नाही, पोरी," असं म्हणायचे. तीस वर्षं लेसर जुळवणाऱ्या माणसाला शहाणपण कोण शिकवणार?

काम असं: काचपट्टीवर कार्बनच्या नळ्या, केसाहून हजारो पटींनी बारीक. त्यांच्यावर प्रकाश टाकायचा आणि परत आलेल्या प्रकाशाचा आलेख काढायचा. नळ्यांना वायूचे रेणू चिकटले की आलेखातलं टोक जरासं सरकतं. वायू न दिलेली पट्टी सकाळी बसवायची, वायू द्यायची ती जेवणानंतर, हा काकांचा शिरस्ता. तीन वर्षं टोक न चुकता सरकलं. त्यावर माझा प्रबंध उभा राहिला, शोधनिबंध छापून आला, आणि लेखकांच्या यादीत शेवटी काकांचं नाव आलं. जन्मात पहिल्यांदा. छापील पान घरी नेऊन त्यांनी ते बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

मग एका आठवड्यात टोक जागचं हलेना. मी वायूच्या टाकीवर चिडले, पंपावर चिडले, शेवटी काकांनाही नको ते बोलले. ते बिचारे एकेक जोड तपासत बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! चौथ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. यंत्रापाशी सांधेदुखीच्या मलमाची नवी डबी होती.

"जेवण झालं की बोटं ठणकतात, म्हणून चोळतो. चार दिवसांपूर्वी संपलं होतं," ते म्हणाले. "आज वायू दिलाच नाही. नुसत्या मलमाच्या हातानं पट्टी बसवली. बघ."

टोक सरकलं होतं. नेहमीइतकंच.

त्या मलमाचा वास तर मला तीन वर्षं रोज येत होता. मला रडू फुटलं, आणि त्यांचा भयंकर रागही आला.

"बोलला नसतात तर कुणाला कळलं असतं, काका?"

"मला कळलं ना."

निबंध मागे घेतला. माझी तीन वर्षं पाण्यात गेली, काकांची निवृत्तीनंतरची मुदतवाढ नाकारली गेली. त्यांच्या कामावरच्या शेवटच्या दिवशी निबंध मागे घेतल्याची छापील सूचना हातात आली. चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "यात मी कुठंय?"

नाव नव्हतं. मी एका ओळीवर बोट ठेवलं: 'तंत्रज्ञाच्या हातावरील मलमामुळे'.

त्यांनी ती ओळ सावकाश वाचली, कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"हेही घरी वाचून दाखवावं लागेल," ते म्हणाले.