बाम्बेर्गमधला सफरचंदाचा रस

माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणतो. आई गेल्यापासून ते देवगाव रंगारीच्या घरात एकटेच राहतात. गावातल्या विहारात पौर्णिमेला वंदना होते, तिथं पंचशील देण्याचं काम कितीतरी वर्षं त्यांच्याकडे होतं. ते पुढं बसून एकेक ओळ म्हणायचे आणि बाकीचे त्यांच्यामागून म्हणायचे. आता ते काम त्यांच्याकडे नाही. ते माझ्यामुळं गेलं, म्हणून हे लिहायला बसले.

दादांचा बाप दारूनं गेला. ते सांगायचे, की घरात चूल पेटली की नाही हे बापाच्या पावलांच्या आवाजावरून कळायचं. त्यामुळं पाचवं शील, मद्य न घेण्याचं, आमच्या घरात कुणाला शिकवावं लागलं नाही. पण दादांचा जीव खरा चौथ्या शीलावर होता. खोटं बोलू नये. शाळेत मास्तरनं मारलं तरी चालेल, पण खोटं बोलून सुटून यायचं नाही.

माझं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट आहे. मुलगा वाळूजला बियरच्या कारखान्यात होता, बाटल्या भरायच्या मशीनवर. मध्यस्थानं नुसतं 'कंपनीत आहे' एवढंच सांगितलं होतं. बघायला आल्यावर मुलानंच आपणहून सगळं सांगितलं. दादांनी विचारलं, "पिता का?"

"कधीमधी," तो म्हणाला. "पण घरात आणणार नाही."

माझ्या काकांनी तर उठायची तयारी केली. दादा आतल्या बाजूला वळून म्हणाले, "चहा टाका." नंतर ते आईला म्हणाले, "नाय म्हणाला असता तर पोरगी दिली नसती. वास येत व्हता शर्टाला. पण खरं बोलला."

नवऱ्यानं शब्द पाळला. एकतीस वर्षांत आमच्या घरात बाटली आली नाही. शर्टाला भिजवलेल्या जवाचा वास मात्र यायचा, आणि मला तो कधी वाईट वाटला नाही.

तो निवृत्त झाला त्या वर्षी आम्ही युरोपला गेलो. मी शाळेतली शिक्षिकेची नोकरी आधीच सोडली होती. आमचा मुलगा त्याच्या संसारात होता. नवऱ्याच्या मनात ही सहल फार वर्षांपासून होती. ज्या मशीनवर त्यानं आयुष्य काढलं, त्यावर तिकडच्या एका गावाचं नाव कोरलेलं होतं. ते गाव बघायचं, आणि जिथं पाचपाचशे वर्षं बियर करतात त्या जागा बघायच्या. मला पूल, किल्ले, जुनी घरं बघायची होती. दौलताबादच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलांना मी तटबंदी शिकवली होती. दुसऱ्यांची तटबंदी कशी असते, ते पाहायचं होतं.

दादांना मी सांगितलं, जुन्या इमारती बघायला चाललोय. ते खरंच होतं. पण अर्धंच.

आम्ही आधी प्रागला उतरलो. तिथल्या दगडी पुलावर सकाळी लवकर गेलो तर दोन झाडूवाले आणि आम्ही, एवढेच. दुपारी एका तळघरात जेवलो. मांसाचा घट्ट रस्सा आणि त्याबरोबर पावासारख्या उकडलेल्या गोळ्याचे काप. ते रश्शात बुडवले की भाकरीच्या काल्यासारखे फुगायचे. नवऱ्यानं काळी बियर मागवली आणि डोळे मिटून प्याला. मग तांब्याच्या पिंपाकडे बोट दाखवून तो वाढणाऱ्या बाईला काहीबाही विचारू लागला. ना त्याला तिची भाषा येत होती ना तिला त्याची, तरी दोघांचं जमलं. निवृत्तीच्या समारंभातही मी त्याला इतका खूश पाहिला नव्हता.

तिथून आम्ही आगगाडीनं जर्मनीत रेगेन्सबुर्गला गेलो, मशीनवर कोरलेलं ते गाव जवळच होतं, ते बघितलं आणि मग बाम्बेर्गला. बाम्बेर्गमध्ये नदीच्या मधोमध, पुलावरच, जुनी नगरपालिका आहे. भिंतींवर चित्रं रंगवलेली. एका चित्रातल्या बाळाचा पाय तर खराच भिंतीबाहेर आला आहे, दगडाचा. मी तिथं एवढा वेळ उभी राहिले की नवरा म्हणाला, "आता चला, भूक लागली."

त्या गावात एक बियर मिळते. तिच्यासाठीचं धान्य लाकडाच्या धुरावर वाळवतात. आम्ही गेलो ते घर फार जुनं होतं. तुळया काळ्या पडलेल्या, बाकं झिजून गुळगुळीत झालेली. नवऱ्यासमोर पेला आला आणि माझ्या नाकात तो वास गेला. हुरड्याच्या आगटीचा. जानेवारीत शेतात गोवऱ्यांवर कणसं भाजतात, त्या वेळी ओढणीला, केसांना जो वास राहतो, अगदी तोच. मी पेला ओढून घेतला आणि एक घोट प्याले. मग आणखी एक. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा. खोटं कशाला बोलू, मला आवडली. नवऱ्यानं स्वतःसाठी दुसरा पेला मागवला.

आमच्यात ठरलं होतं की दादांना रोज त्यांच्या साडेचारला व्हिडिओ लावायचा. आमच्याकडे तेव्हा एक वाजायचा. त्या दिवशी मला घड्याळाचं भान राहिलं नाही. फोन त्यांचाच आला. मी उचलला. लिंबाखालच्या ओट्यावर दादा बसलेले, आणि त्यांच्या मागं शेजारची काकू आणि विहारातली चारपाच माणसं. दादा रोज सगळ्यांना गोळा करून माझा फोन दाखवायचे, हे मला तेव्हा कळलं.

"जेवण चाललंय व्हय?" दादांनी विचारलं. "काय गं माय ते म्होरं? काळं काळं?"

नवरा माझ्याकडे बघत होता. खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. पण ओट्यावरची सगळी तोंडं पडद्यावर दाटून आली होती.

"सफरचंदाचा रस आहे, दादा."

"काळा?"

"इकडं भाजून काढतात," मी म्हणाले. हे मला कुठून सुचलं, माहीत नाही. एक खोटं बोललं की दुसरं आपणहून येतं.

दादांनी पडद्याकडे डोळे बारीक करून बघितलं. मग मागं वळून ते म्हणाले, "बघा, सफरचंद भाजून रस काढत्यात तिकडं." सगळ्यांनी माना डोलावल्या. काकू म्हणाली, "लई थंडी असंल, म्हणून."

फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, "कशाला सांगितलंस तसं?"

"सगळे बसले होते तिथं."

"माझ्या वेळी पण सगळे बसले होते," तो एवढंच म्हणाला, आणि ताटातला सॉसेज कापत राहिला. माझा पेला तसाच राहिला. पुढचे चार दिवस आम्ही राजवाडे बघितले, चर्चचे मनोरे चढलो, एका मठाच्या अंगणात आंबवलेल्या कोबीबरोबर डुकराचं मांस खाल्लं. सगळं छान होतं. पण दादांना फोन लावायच्या आधी मी टेबल रिकामं करायची.

परत आलो ते वर्षावासाच्या तोंडावर. विहारात तेव्हा तीन महिने रोज संध्याकाळी वाचन असतं. श्रावण पौर्णिमेला मी प्रवासाबद्दल दोन शब्द सांगावेत, असं दादांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी आदल्या दिवशीच एकटी एसटीनं गेले. दुपारी विहाराच्या पायऱ्यांवर बाया गजरे करत बसल्या होत्या, दादा सतरंज्या मोजून घेत होते. काकूनं सगळ्यांसमोर विषय काढला.

"अगं, आमची सून म्हणती रस-बिस काय नव्हता तो. बियर होती म्हणती. तिनं मोबाइलवर पाहिलं, तसलाच गिलास."

मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाले, "रसच व्हता. मी इचारलं ना तिला. मला सांगितलं तिनं."

दादांचा शब्द. काकू पुन्हा दोऱ्यात फूल ओवू लागली. मीही खाली बसून फुलं निवडू लागले.

घरी येऊन मी चहा केला. दादा बशीत ओतून पीत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "रसाला तसला फेस येत नाय."

मी माझा कप खाली ठेवला.

"माझा बाप माझ्यासमोर प्याला उभा जन्म. मला पेला वळखू येत नाय व्हय?"

"म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं?"

"व्हय."

"मग आज का तसं बोललात, दादा?"

"तुझं तोंड पडलं असतं चारचौघांत." बशी खाली ठेवून ते उठले. "प्यालीस त्याचं मी काय म्हणत नाय. जावई बी पितो. तुझं वय झालंय. झालं ते झालं."

त्यांनी विषय संपवला. माझ्यासाठी मात्र तिथं सुरू झाला. ज्या माणसानं शेताच्या वादात स्वतःच्या भावाविरुद्ध खरी साक्ष दिली आणि बांध गमावला, तो विहाराच्या पायरीवर माझ्यासाठी खोटं बोलला होता. मी बियर प्याले याचं मला तेवढं काही वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. पण त्यांच्या तोंडून निघालेलं ते वाक्य मला रात्रभर ऐकू येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विहार भरला. दादांनी पुढं बसून पंचशील दिलं. चौथ्या शीलाच्या ओळीला त्यांचा आवाज खाली गेला. मागं बसलेल्यांना वाटलं असेल, घसा बसला. मला तसं वाटलं नाही.

मग मला बोलायला उभं केलं. मी पुलाबद्दल सांगितलं, नदीतल्या कचेरीबद्दल सांगितलं, भिंतीबाहेर आलेल्या बाळाच्या पायाबद्दल सांगितलं तेव्हा बाया हसल्या. आणि मग, ठरवलं नसताना, मी म्हणाले, "त्या दिवशी माझ्यासमोर रस नव्हता. बियर होती. मी प्याले, आणि दादांशी खोटं बोलले. मला माफ करा."

बोलून टाकल्यावर छाती हलकी झाली. किती, म्हणाल तर फार. दोन-तीन बायांनी मान हलवली, एकजण हळूच म्हणाली, "जाऊ दे गं बाई." मला वाटलं, सुटले.

तेवढ्यात काकूनं दादांकडे बघितलं. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, ती तशी सरळच बाई आहे. तिनं विचारलं, "मग काल तुम्ही रस म्हणून ठासून सांगितलं ते? तुम्हाला तिनं फसवलं व्हय?"

त्यांना मान हलवून 'व्हय' म्हणता आलं असतं. सगळ्यांनी विश्वास ठेवला असता, आणि दोष एकट्या माझ्यावर आला असता.

"नाय," दादा म्हणाले. "मला ठाव व्हतं."

ते उठले, पायात चपला घातल्या आणि निघाले. मी मागं धावले. घरापर्यंत ते माझ्या पुढं चालत राहिले. दारात कुलूप काढताना म्हणाले, "हे माझ्यासाठी बोललीस का तुझ्यासाठी?"

उत्तर मला माहीत होतं.

"मी तुला झाकलं," ते म्हणाले. रागात नव्हते, थकलेले होते. "आदी मला इचारायचं तरी."

त्यानंतर त्यांनी पंचशील देणं बंद केलं. कमिटीची माणसं दोनदा घरी आली. एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात, म्हणाली. दादांचं एकच म्हणणं, जो देतो त्यानं आधी पाळावं. वर्षावास संपला, आश्विन पौर्णिमा झाली, तरी ते पुढं बसले नाहीत. आता काकूची सून पंचशील देते. दादा मागच्या ओळीत भिंतीला टेकून बसतात आणि तिच्यामागून म्हणतात. ती कुठं चुकली तर थांबवत नाहीत, पूर्वी कुणालाही थांबवायचे.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "त्यांना मी फोन करतो." केलाही. दोघं बैलांबद्दल, पावसाबद्दल, त्याच्या गुडघ्याबद्दल बोलले. दुसरं काही निघालं नाही. आता तो बेल्जियमचं नाव काढतो, तिथले मठ, तिथल्या बियरी. मी बघू म्हणते. मला जायचं नाही असं नाही. पण ओट्यावर कुणी तो फोन बघायला जमणार नाही, आणि त्याशिवाय ते पूल, ती घरं कशी दिसतील, मला कळत नाही.

दादा अजून रोज साडेचारला फोन करतात. व्हिडिओ लावत नाहीत, नुसता आवाज. पूर्वी ते विचारायचे, काय खाल्लंस, कुठं गेलतीस, कोण आलतं. आता विचारत नाहीत. मीच सांगत राहते. आज भाजी खारट झाली. शेजारणीशी भांडले, चूक माझीच होती. दुपारी झोपले, शिवण तसंच पडलंय. ते ऐकून घेतात, हं म्हणतात, आणि थोड्या वेळानं म्हणतात, "ठेवू का?"