तळ्याकाठची वाटी

कलकत्त्याला बदली होऊन तीन वर्षं झाली, तरी बागबाजारातल्या मासळीवाल्यांवरून जाताना कालिंदीचा पदर आपोआप नाकाला लागायचा. नवरा श्यामकांत केंद्र सरकारच्या कचेरीत. तिथल्या बंगाली मंडळींनी त्यांना गळाचा नाद लावला. रविवारी ते डमडमच्या पलीकडे तळ्यावर जाऊन बसत. "धरतो आणि सोडतो," असं सांगत. कालिंदीची अट एकच, मासा उंबऱ्याच्या आत येता कामा नये. तो कधी आला नाही.

ज्येष्ठात नऊ वर्षांची उज्ज्वला विषमज्वरातून उठली ती नुसती काडी होऊन. डॉक्टर म्हणाले, "रोज शिंगी माछेर झोल द्या. या माशाचा रस्सा आजाऱ्याला पचतो."

कालिंदीने हात जोडले. "आमच्यात चालत नाही. माझा महादेव समर्थ आहे."

तिने सोळा सोमवार धरले. श्यामकांत पोरीला मोकळ्या हवेसाठी रविवारी बरोबर नेऊ लागले. बघता बघता उज्ज्वलाचे गाल भरले, ती जिना धावत चढू लागली. आश्विनात उद्यापनाच्या दिवशी कालिंदी पिंडीपुढे ढसाढसा रडली. देवाने पोर परत दिली होती.

दुर्गापूजेच्या सुट्टीतल्या रविवारी तीच म्हणाली, "मलाही न्या. बघू तरी तुमचं तळं."

"तिथं काय बघायचंय? चिखल नुसता," श्यामकांत गडबडले. "त्यापेक्षा आज नव्या जागा शोधू. तुझी रपेटही होईल."

डमडमला उतरून तिघं चालू लागली. बांधावरून, बांबूंच्या बेटांतून दोन तास पायपीट झाली. प्रत्येक तळ्याशी श्यामकांत वाकून बुडबुडे बघत. "इथं शेवाळ फार." "इथं पाणी उथळ."

"मुलगी बघायला निघाल्यासारखं चाललंय तुमचं," कालिंदी हसली. "एक पसंत पडेल तर शपथ!"

"बाबा, आपल्या तळ्यावर चला ना! पाय दुखले," म्हणत उज्ज्वला डावीकडे पळालीसुद्धा.

"उजू, तिकडे नको!"

ते इतके जोरात ओरडले, की कालिंदी दचकली आणि पोरीच्या मागे निघाली.

तळ्याकाठी चटयांची एक झोपडी होती. पूर्व बंगालातून आलेली, पांढऱ्या लुगड्यातली एक विधवा दारात उभी होती. "एशेछिस, खुकू?" आलीस का गं पोरी, असं म्हणत तिने वाफाळती वाटी पुढे केली. उज्ज्वलाने सवयीने दोन्ही हात पसरले.

"वृंदामासी, आज शिंगी की मागुर?" पोर माशांची नावं घेत फाडफाड बंगालीत विचारत होती.

कालिंदीचे पाय तिथेच रुतले. दाराशी पाण्याने भरलेल्या मडक्यात काळे मासे वळवळत होते. म्हणजे श्यामकांत धरलेले मासे सोडत नव्हते. इथे ठेवत होते. सोळा सोमवार. आणि त्याच आठवड्यांतले हे रविवार.

"किती दिवस?" तिने विचारलं.

श्यामकांत मडक्याकडे बघत म्हणाले, "आषाढापासून. डोळ्यांदेखत पोर जात होती गं. तुला विचारलं असतं तर—"

"माझ्याशी घरी गेल्यावर बोला."

ती त्या बाईकडे वळली. मोडक्यातोडक्या बंगालीत विचारलं, "तुम्हीही खाता हे?"

वृंदामासीने जीभ चावली. "छि छि! मी विधवा. नवरा गेल्यापासून मासा तोंडात नाही."

"मग हातांनी कसा केलात?"

"मुलीला हवा होता ना. तिची चूल, तिची भांडी वेगळी. तिचं झालं की बुडी मारते, मग माझ्या गोपाळाचा नैवेद्य." मग जरा थांबून म्हणाली, "आषाढात पहिल्यांदा वाटी दिली होती, तेव्हा हिला धरता येत नव्हती. हात थरथरायचे."

कालिंदीने पोरीच्या हातांकडे बघितलं.

उज्ज्वला वाटी धरून उभी होती. हात जराही थरथरत नव्हते. डोळे मात्र भरले होते. "आई, टाकून देऊ?"



"अन्न टाकतात का?" कालिंदी म्हणाली. "खा. काटे बघून."

वृंदामासी बुडी मारायला तळ्यात उतरली. कालिंदीही पदर खोचून मागोमाग निघाली. घाटाची दुसरी पायरी निसरडी होती. वृंदामासीने मागे वळून हात पुढे केला. त्याला माशाचा वास येत होता.

कालिंदीने तो धरला.